गन धरण्याआधी रंग ओळखा



आजचा विषय आहे गणपतीच्या मूर्तीला गनने किंवा एअरब्रशने रंग देताना तो रंग पातळ कसा करायचा. विषय एवढासा वाटेल. रंगात पाणी घालायचं, ढवळायचं, झालं, त्यात काय सांगायचंय, असंही कुणी म्हणेल. पण मूर्तीवर ओघळ का आला, रंग भुरभुरीत का बसला, गन मधेच का थुंकली, अशा दहा तक्रारी घेतल्या तर त्यातल्या बऱ्याचशांचं मूळ रंगाच्या वाटीतच सापडतं. ज्यांना लिहून घ्यायचंय त्यांनी वही जवळ घ्या. मापं सावकाश सांगते.

हा विषय का घेतला, ते आधी सांगते. पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यात मूर्तीचं काम घरोघरी चालतं. इथले गणपती मुंबई-पुण्याला जातात, समुद्रापार जातात. आता इतर ठिकाणचे बचत गटही शाडूच्या मूर्ती करायला लागले आहेत. या कामात बाया पहिल्यापासून आहेत. माती मळायची, साचा भरायचा, मूर्ती घासून साफ करायची, पांढरा हात द्यायचा, दागिने रंगवायचे, हे सगळं आपणच करतो. गन मात्र बऱ्याच ठिकाणी एखाद्या दादाच्या हातात असते. तो आला तर रंग लागतो, नाही आला तर मूर्ती पांढऱ्याच्या पांढऱ्या उभ्या राहतात. श्रावणात तर प्रत्येक कारखान्याला तोच माणूस हवा असतो. भाद्रपदातली चतुर्थी काही आपल्यासाठी थांबत नाही. म्हणून गटातल्या निदान दोघींना तरी गनचं काम यायला हवं, आणि त्याची सुरुवात रंग पातळ करण्यापासून होते.

तुम्ही म्हणाल, आम्हाला कसं जमणार? बायांनो, सारवणाला शेण किती पातळ हवं, हे तुम्ही मापून करता का? घावनाचं पीठ तव्यावर पसरेल इतपत हवं आणि आंबोळीचं त्याहून दाट हवं, हे हाताला कळतंच ना? इथेही तीच पारख लागते. फक्त इथे तव्याच्या जागी गनचं नोझल आहे.

आधी गन काय करते ते समजून घेऊ. शेतातला फवारणीचा पंप सगळ्यांनी पाहिलाय. त्यात औषध गाळून ओततात, कारण कचरा गेला की नोझल तुंबतं. एअरब्रशचं नोझल तर त्याहून कितीतरी बारीक. ०.२, ०.३, ०.५ मिलिमीटर अशी त्याची भोकं असतात. मोठ्या स्प्रे गनचं भोक साधारण १ मिलिमीटरच्या आसपास किंवा थोडं जास्त. कॉम्प्रेसरची हवा जोरात बाहेर पडते, ती आपल्याबरोबर रंग ओढते आणि त्याचे बारीक कण करून मूर्तीवर टाकते. रंग जाड असेल तर हवेला तो नीट फोडता येत नाही. मग ठिपके उडतात, रंग रवाळ बसतो किंवा नोझल बंद पडतं. रंग फारच पातळ असेल तर हवा त्याला मूर्तीवर पडल्यावरही ढकलत राहते. मग कोळ्याच्या पायांसारख्या रेषा चारी बाजूंना पळतात आणि ओघळ येतात. यांच्या मधली जी जागा आहे, ती आपल्याला ओळखायची आहे.

आता कोणत्या रंगाला काय घालायचं ते बघू. पहिला नियम, डब्यावर काय लिहिलंय ते वाचा. पाण्यातला रंग असेल तर पाणी. पोस्टर कलर, अॅक्रिलिक, डिस्टेंपर हे सगळे पाण्याचे. ऑइल पेंटला टर्पेंटाइन. लॅकरला त्याचं स्वतःचं थिनर. एकाचं दुसऱ्याला चालत नाही. पाण्याच्या रंगात थिनर घातलं तर दूध नासावं तशा गुठळ्या होतात, आणि त्या गुठळ्या गनमध्ये अडकल्या की अर्धा दिवस सफाईतच जातो.

आपल्या गटांनी पाण्याचेच रंग वापरावेत, असं मी सांगेन. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही २०२० साली मूर्ती विसर्जनासाठी सुधारित सूचना काढल्या. मूर्तीला पाण्यात विरघळणारे, बिनविषारी रंग वापरावेत, असं त्यात म्हटलंय. शिवाय थिनरचा वास आपल्या छातीत जातो, त्याबद्दल पुढे बोलतेच.

आता कृती. लक्ष देऊन ऐका.

एक पारदर्शक प्लास्टिकचा ग्लास घ्या, एक लहान चमचा आणि एक स्वच्छ ब्रश. डब्यातला रंग आधी तळापासून ढवळा. रंगाचा जड भाग खाली बसलेला असतो आणि वर नुसतं पाणी तरंगतं. न ढवळता वरवरचा रंग घेतला तर आज एक छटा येईल आणि उद्या दुसरी.

ग्लासात २ चमचे रंग घ्या. त्यात १ चमचा स्वच्छ पाणी घाला. सगळं पाणी एकदम ओतू नका. आधी थोडं घालून रंग घोटून घ्या, गुठळी मोडली की उरलेलं घाला. पिठलं करताना बेसन आधी थोड्या पाण्यात कालवतो, तसंच. मग अर्धा-अर्धा चमचा पाणी वाढवत न्यायचं आणि दर वेळी पारख करायची.

पारख अशी. ब्रशने थोडा रंग ग्लासच्या आतल्या कडेला वरपर्यंत ओढा आणि बघत राहा. रंग तिथेच चिकटून बसला, हललाच नाही, तर तो जाड आहे. सर्रकन खाली पळाला आणि मागे नुसता ग्लास दिसायला लागला, तर तो फार पातळ झालाय. सावकाश खाली उतरला आणि मागे एकसारखा, पातळ पडदा राहिला, की जमलं. साय काढलेलं दूध भांड्याच्या कडेवरून जसं उतरतं, तसा तो दिसला पाहिजे.

एअरब्रशने बारीक काम करायचं असेल, म्हणजे गालावरची लाली, डोळ्यांभोवतीची छटा, सोंडेच्या वळ्या, तर रंग दुधासारखा हवा. मोठ्या गनने अंगाचा किंवा पितांबराचा सपाट रंग द्यायचा असेल तर थोडा दाट चालतो. भोक जितकं बारीक, तितका रंग पातळ.

अॅक्रिलिक रंगाबाबत एक सावधगिरी. त्यात रंग धरून ठेवणारा चिकट भाग असतो. पाणी फार झालं की तो भाग विरळ होतो आणि वाळल्यावर बोट फिरवलं तर रंग हाताला लागतो. म्हणून रंगाइतकंच पाणी घालूनही तो पातळ वाटत नसेल तर आणखी पाणी ओतू नका. रंग बनवणाऱ्या कंपनीचं मीडियम मिळतं, ते घाला. नाहीतर मोठ्या भोकाचं नोझल लावा.

रंग जमला की गाळायचा. जुन्या नायलॉनच्या मोज्याचा तुकडा किंवा अगदी बारीक जाळीची गाळणी घ्या. सुती कापडाचे धागे सुटतात, ते टाळा. गेरूसारखे मातीचे रंग डिंकाच्या पाण्यात कालवून वापरणाऱ्या मैत्रिणींनी तर दोन-तीनदा गाळावं. माती कितीही वाटली तरी तिचे कण राहतात. असा रंग एअरब्रशमध्ये घालूच नका, मोठ्या भोकाच्या गनने किंवा ब्रशने द्या. हळदीचा पिवळा दिसतो छान, पण उन्हात उडतो. अशी मूर्ती सावलीतच ठेवा.

यानंतर मूर्तीकडे वळायच्या आधी नमुना घ्या. आपल्या मूर्तीची जी माती, तिचेच हाताएवढे दहा-बारा सपाट तुकडे थापून वाळवून ठेवा. त्यांना मूर्तीसारखाच पांढरा हात द्या. कागदावर रंग वेगळा दिसतो, कारण कागद वेगळं पाणी पितो. नमुना मातीवरच घ्या.

हवेचा दाब किती ठेवायचा? गाडीच्या टायरची हवा पौंडात मोजतात, तसंच इथेही. एअरब्रशला १५ ते २५ पौंड पुरतात. मोठ्या गनला त्याहून जास्त लागतो, तो तिच्या कागदावर लिहिलेला असतो. पुष्कळ जणी रंग जाड झाला की हवा वाढवतात. तसं करू नका. हवा वाढवली की रंगाचा धुरळा उडतो, अर्धा हवेतच वाळतो आणि मूर्तीवर पावडरसारखा बसतो. रंग जाड असेल तर रंगच पातळ करा.

एअरब्रश मूर्तीपासून ४ ते ६ इंचांवर धरा, मोठी गन ६ ते ८ इंचांवर. हात आधी हलवायला लागायचा, मग रंग सोडायचा. थांबताना आधी रंग बंद करायचा, मग हात थांबवायचा. एका जागी थबकलात की तिथे ओघळ आलाच. आणि एका हातात पूर्ण रंग भरायची घाई नको. पहिला हात इतका हलका हवा की खालचा पांढरा दिसत राहील. तो वाळला की दुसरा, मग तिसरा.

शाडूच्या मूर्तीला तर हे फारच जपावं लागतं. शाडू पाणी पितो. पातळ रंगाचा एकच ओला थर दिला तर वरची माती मऊ होते, नाकाची, बोटांची कड विरघळते. जी मूर्ती आपण आठ दिवस घासून घडवली, ती एका मिनिटात बोथट होते. मूर्ती आतपर्यंत वाळलेली हवी, ही तर पहिली अट. आत ओल राहिली तर वरून रंग छान दिसतो आणि पंधरा दिवसांनी, गिऱ्हाइकाच्या घरी मखरात बसल्यावर, त्याचे पोपडे सुटतात. तेव्हा नाव जातं गटाचं.

आता ऋतूचं बघू, कारण आपलं काम दोन वेगळ्या हवांमध्ये चालतं. परदेशी जाणाऱ्या मूर्ती बोटीने जातात, म्हणून त्या उन्हाळ्यातच रंगवाव्या लागतात. गावच्या आणि शहरच्या मूर्तींचा रंग आषाढ-श्रावणात, म्हणजे भर पावसात. एकच माप दोन्ही वेळी चालत नाही.

चैत्र-वैशाखात रंग नोझलच्या टोकावरच वाळतो. सुईच्या टोकावर दाणा धरतो आणि मग गन थुंकते. त्या दिवसांत पाणी किंचित जास्त घाला, दाब थोडा कमी ठेवा आणि थोड्या थोड्या वेळाने ओल्या ब्रशने सुईचं टोक पुसत जा. काम सकाळी करा. भर दुपारी पत्र्याखाली गन चालवू नका.

पावसात उलट. हवेतच पाणी असतं, रंग वाळत नाही. तेव्हा पाणी बेताचं घाला, हात अजून हलके द्या आणि दोन हातांमध्ये वेळ सोडा. वाळला की नाही, हे मूर्तीच्या पाटाखालच्या बाजूला, दिसणार नाही तिथे, बोटाच्या मागच्या बाजूने बघा. गार लागलं तर अजून ओल आहे.

पावसाळ्यातली दुसरी अडचण कॉम्प्रेसरची. दमट हवा दाबली की टाकीत पाणी साठतं. ते नळीतून येतं आणि रंगाबरोबर टपकन मूर्तीवर पडतं. रंग नीट केलाय, हात नीट आहे आणि तरी मधेच पाण्याचा थेंब उडतोय, असं झालं तर रंगाला दोष देऊ नका. टाकीच्या खाली एक नळ असतो. रोज काम संपलं की आधी दाब उतरवा, मग तो उघडून पाणी काढून टाका. नळीवर पाणी अडवणारी छोटी बाटली बसवता येते, तिला मॉइश्चर ट्रॅप म्हणतात. ती बसवून घ्या आणि तीही रिकामी करत जा.

थिनरचे रंग पावसात आणखी त्रास देतात. वाळताना त्यांच्यावर पांढुरकं धुकं धरतं, चमक जाते. पाण्याचे रंग वापरायला हेही एक कारण आहे.

आता सोनेरी रंग. मुकुट, सोंडपट्टी, पितांबराची किनार, सगळं त्यावर खुलतं. सोनेरी आणि मोतिया रंगात चमकीचे कण असतात, ते भराभर तळाला बसतात. गनच्या वाटीतही बसतात. म्हणून वाटी थोडीच भरा आणि मधून मधून ढवळा. हा रंग मोठ्या भोकातूनच मारा. डोळ्यांची आखणी मात्र ब्रशनेच. तिथे गनचं काम नाही. गनने डोळ्यांभोवतीची मऊ छटा द्यायची आणि आखणीसाठी जागा स्वच्छ ठेवायची, एवढंच.

एका ऑर्डरच्या सगळ्या मूर्ती सारख्या दिसायला हव्यात. समजा, एका मंडळाला एकाच मापाच्या ४० मूर्ती हव्या आहेत. पितांबराचा पिवळा रोज नव्याने केला तर रोज वेगळा होणार. म्हणून त्या रंगाची मूळ छटा एकदाच, सगळ्यांना पुरेल इतकी, दाटच मिसळून झाकणाच्या डब्यात ठेवा. त्यात पाणी मात्र रोज लागेल तेवढ्यालाच घाला. पाणी घातलेला रंग फार दिवस ठेवला की बिघडतो, डिंकाच्या रंगाला तर वास येतो.

आणि हे सगळं वहीत लिहा. तारीख, कोणता रंग, किती चमचे रंग, किती चमचे पाणी, कोणतं नोझल, किती पौंड हवा, ऊन होतं की पाऊस. शेजारी त्या रंगाचा एक डाग लावा आणि नमुन्याच्या तुकड्यावर मागे तोच क्रमांक घाला. गटाच्या पैशांची वही आपण जपतो, तितकीच ही जपा. आज जी ताई गन चालवते ती उद्या आजारी पडली, लेकीच्या बाळंतपणाला गेली, तर दुसरी वही उघडेल आणि तोच पिवळा करील. एकीच्या हातातली विद्या वहीत उतरली की ती गटाची होते.

आता सफाई. रंग बदलताना आणि काम संपल्यावर वाटीत स्वच्छ पाणी घालून ते साफ येईपर्यंत मारा. पाणी हवेत उडवू नका, झाकणाला भोक पाडलेल्या डब्यात किंवा ओल्या फडक्यात मारा. मग सुई काढून हलक्या हाताने पुसा. सुईचं टोक वाकलं तर रंग एका बाजूला फेकला जातो आणि मग कितीही चांगला पातळ केला तरी उपयोग नाही. नोझल तुंबलं तर त्यात टाचणी घालू नका, भोक मोठं होतं. कोमट पाण्यात भिजत ठेवा. आणि तोंडाने फुंकून किंवा ओढून साफ करू नका, रंग तोंडात जातो.

धुतलेलं रंगाचं पाणी ओढ्यात, विहिरीजवळ किंवा भातखाचरात ओतू नका. एका बादलीत साठवा. रंग खाली बसू द्या, वरचं पाणी पुन्हा पहिल्या धुण्याला वापरा. तळाचा गाळ वाळवून वेगळा ठेवा.

शेवटी आपल्या तब्येतीचं. रंग बिनविषारी असला तरी त्याचा धुरळा फुप्फुसात जाण्यासाठी नाही. तोंडाला पदर बांधून तो अडत नाही, कण पदरातून आत जातात. घट्ट बसणारा एन-९५ मास्क लावा. थिनरचा वास मात्र त्या मास्कनेही अडत नाही, त्याला कोळशाचं काडतूस असलेला वेगळा मास्क लागतो. तो नसेल तर थिनरचं काम घेऊच नका. थिनर पेट घेतं, म्हणून तिथे चूल नको, अगरबत्तीसुद्धा नको. दारं-खिडक्या उघड्या ठेवा, पंखा असा लावा की हवा तुमच्याकडून बाहेर जाईल. तान्ही मुलं आणि गरोदर बाई रंगाच्या खोलीत नकोत, काम कितीही तुंबलेलं असो.

जाता जाता थोडक्यात पुन्हा सांगते. रंग तळापासून ढवळा. २ चमचे रंग, १ चमचा पाणी, इथून सुरुवात. ग्लासच्या कडेवर पारख. गाळून घ्या. मातीच्या तुकड्यावर नमुना. हलके हात, मधे वाळायला वेळ. आणि वहीत नोंद.

गटातल्या कुणाकडे जुनी गन पडून असेल तर या आठवड्यात फक्त पाणी घालून ती चालवून बघा. मग दुधाइतका पातळ केलेला एकच रंग घ्या आणि मातीच्या तुकड्यावर रेषा मारा, ठिपके मारा, गोल मारा. पहिल्या दिवशी मूर्तीला हात लावू नका. आठ दिवस रोज अर्धा तास एवढंच करा. नवव्या दिवशी ग्लास हातात घेतल्यावर न मारताच तुम्हाला कळेल, हा रंग चालणार की नाही.

यंदा श्रावणात मूर्ती पांढऱ्या उभ्या राहणार नाहीत, एवढी तयारी आतापासून करू या. तुमच्या शंका गटाच्या बैठकीत बोला, लिहून रेडिओकडे पाठवा.